पहिला डॉलर कुठे घालावा? यलोनाइफहून एक प्रश्न

उत्तरा_यलोनाइफ

नमस्कार मंडळी. आठ वर्षं नुसती वाचते आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ.

मी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये राहते. नकाशात अल्बर्टावर बोट ठेवून वर सरकवत नेलंत की ग्रेट स्लेव्ह नावाचं मोठं सरोवर लागतं, त्याच्या उत्तर काठावर यलोनाइफ. प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि माणसं सगळी मिळून साधारण 45 हजार. त्यातली जवळपास निम्मी आमच्या गावात, बाकीची बत्तीस गावांत विखुरलेली. त्यातल्या कित्येक गावांना बारमाही रस्ता नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या मतदारसंघाच्या बैठकीला गेले होते. इथल्या विधानसभेत राजकीय पक्ष नाहीत. 19 आमदार निवडून येतात आणि तेच आपल्यातून प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) आणि मंत्री निवडतात. आमदार किराणा दुकानातही भेटतो, त्यामुळे बैठकीत लोक मोकळेपणाने बोलतात. विषय होता हवामान बदलाचा पुढचा आराखडा. शेवटी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला गेला: पहिला डॉलर कुठे घालावा?

पार्श्वभूमी थोडक्यात. 2018 साली सरकारने 2030 पर्यंतची धोरण-चौकट आणली. तिची तीन उद्दिष्टं आहेत: खनिज इंधन कमी वापरणारी अर्थव्यवस्था उभी करायची, बदलाचे परिणाम नीट समजून घ्यायचे आणि बदलत्या हवामानात तग धरायची तयारी करायची. त्यावर 2019 ते 2023 चा कृती आराखडा आला. सोबत वेगळं ऊर्जा धोरण आहे. 2005 च्या तुलनेत उत्सर्जन 30 टक्के कमी करायचं, डिझेलवर वीज बनवणाऱ्या गावांतलं विजेचं उत्सर्जन 25 टक्क्यांनी उतरवायचं, घरं तापवायला लागणाऱ्या उष्णतेतला 40 टक्के वाटा अपारंपरिक स्रोतांचा करायचा, अशी त्यातली लक्ष्यं.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणत होता, डिझेल कमी करा. दुसरा म्हणत होता, आधी पायाखालची जमीन सांभाळा. मला काही बोलता आलं नाही. घरी आले तर पुढचं दार लागेना. दर शरद ऋतूत हेच होतं, घर हलतं आणि दार चौकटीत अडकतं. खांदा लावून ते लोटताना वाटलं, आपलं मत याच दारात अडकलंय.

आमदारांना पत्र लिहायचं आहे. तुम्ही काय सुचवाल? इथे प्रशासनात, शेतीत, बांधकामात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

रानपाखरू

वाचतोय. घर हलतं म्हणजे नक्की काय होतं? फोटो टाका ना.

उत्तरा_यलोनाइफ

@रानपाखरू, फोटो नंतर टाकते, आत्ता वर्णनावर भागवा. आमचं घर जमिनीवर बसलेलं नाही. खाली सरपटत जाता येईल एवढी पोकळी आहे आणि त्यात लाकडी ठोकळ्यांवर लोखंडी स्क्रू-जॅक उभे आहेत. गाडीचं चाक बदलताना लावतो तशाच जातीचे, पण दंडाएवढे जाड. जमिनीतलं पाणी गोठलं की ती फुगते, वितळलं की बसते, आणि दोन्ही सगळीकडे सारखं होत नाही. मग एक कोपरा खाली जातो, भिंतीला तिरकी भेग पडते, दारं अडकतात. हेडलाइट डोक्याला बांधून खाली उतरायचं, पाणसळ लावून बघायची आणि ज्या जॅकवर भार आलाय तो पान्याने पाव-पाव वळसा फिरवायचा. घाई केली तर वरच्या फरशा तडकतात.

शेजारचे आजोबा सांगतात, पूर्वी दोन-तीन वर्षांतून एकदा उतरावं लागायचं. मी दरवर्षी उतरते.

कोकणकडा

विषय चांगला आहे, पण स्पष्ट बोलतो. कॅनडाचं उत्सर्जन वर्षाला 70 कोटी टनांच्या घरात आणि त्यात तुमच्या प्रदेशाचा वाटा 0.2 टक्क्यांच्या आसपास. उद्या सगळे 45 हजार लोक मेणबत्त्या लावून बसले तरी ध्रुवावरचा बर्फ एक दिवससुद्धा जास्त टिकणार नाही. उणे 40 अंशात माणसाला घर तापवावंच लागतं. तिथे उत्सर्जन कमी करा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांनी केलं त्यांनी निस्तरावं. तुमच्या सरकारने सगळा पैसा बचावावर लावावा. पत्रात एवढी एकच ओळ पुरे.

सुमाकाकू

उत्तरा, तुझं दार वाचून जीव हलला गं. बाकीचं मला फार कळत नाही. पण रस्ते नाहीत तर त्या लोकांना भाजीपाला, धान्य कसं पोचतं?

ध्रुव_एडमंटन

मी भू-तांत्रिक अभियंता आहे, उत्तरेत बारा-तेरा वर्षं कामं केली आहेत. थोडं लांबेल, पण जमिनीचं गणित कळल्याशिवाय हा आराखडा कळणार नाही.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्याखाली राहिलेली जमीन. प्रत्यक्षात ती हजारो वर्षं गोठलेली असते. तिच्यात बर्फाचे थर आणि पाचरी असतात. गोठलेली आहे तोवर काँक्रीटसारखी, वितळली की शेवयांची खीर. उत्तर कॅनडा जगाच्या सरासरीच्या साधारण तिप्पट वेगाने तापतोय. म्हणजे शाळा, विमानतळ, तेलाच्या टाक्या, सांडपाण्याची तळी हे सगळं ज्या पायावर उभं केलं तो पायाच बदलतोय.

उपाय आहेत. मला सगळ्यात आवडणारा थर्मोसायफन. बंद लोखंडी नळी, आत दाबाखाली भरलेला कार्बन डायऑक्साइड. खालचं टोक जमिनीत, वरचं हवेत, वर पंख्यासारख्या पट्ट्या. हिवाळ्यात हवा जमिनीपेक्षा गार असते. खालचा द्रव जमिनीची उष्णता घेऊन उकळतो, वाफ वर जाते, थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि भिंतीवरून ओघळत खाली येते. जमिनीची ऊब अशी आकाशात सोडली जाते. वीज लागत नाही की पंप लागत नाही. ज्या वायूने हा घोळ घातला तोच इथे पाया गोठवून ठेवतो. मात्र हवा जमिनीपेक्षा गार असेल तोवरच ती चालते. हिवाळा जेवढा उबदार आणि आखूड, तेवढं तिचं काम कमी.

दुसरं उदाहरण इनुविक ते टुक्टोयाक्टुक रस्त्याचं. नोव्हेंबर 2017 मध्ये खुला झाला, जवळजवळ 140 किलोमीटर, थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत. जमीन अजिबात खोदायची नाही हा पहिला नियम. कडक हिवाळ्यात गोठलेल्या टुंड्रावर जाड कापड अंथरायचं आणि वर मुरुमाचा भराव. भराव म्हणजे खालच्या बर्फावरची गोधडी. तरी कडेला बर्फ साचतो, उन्हाळ्यात पाणी तुंबतं आणि भरावाच्या कडा खचतात. दुरुस्ती कधी संपत नाही.

@कोकणकडा, पैसा बचावावर लागावा हे मान्य. पण 'सगळा' या शब्दाशी असहमत. कारण पुढे लिहितो, आत्ता साइटवर निघालोय.

उत्तरा_यलोनाइफ

@सुमाकाकू, तुमचा प्रश्न साधा नाही, आराखड्याच्या मुळाशीच आहे तो.

आमच्याकडे माल दक्षिणेकडून ट्रकने येतो. वाटेत मॅकेंझी नदी आडवी आहे. 2012 पर्यंत तिच्यावर पूल नव्हता. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या, आणि मधल्या दिवसांत, बर्फ धड धरलेला नाही आणि धड फुटलेलाही नाही तेव्हा, काहीच नाही. जुने लोक सांगतात, त्या आठवड्यांत दुकानातल्या मांडण्या रिकाम्या व्हायच्या. आता डेह चो पूल आहे आणि मला कोथिंबीर मिळते, पिवळी पडलेली का असेना.

उत्तरेकडच्या गावांचं तसं नाही. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात मॅकेंझीवरून बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट बोटी, जातात आणि हिवाळ्यात बर्फाचे रस्ते तयार होतात. बर्फाचा हंगाम आखडतोय. आणि नदी? 2023 पासून पाणी इतकं उतरलं की 2024 मध्ये नॉर्मन वेल्स आणि तुलिताच्या बार्ज रद्द कराव्या लागल्या. इंधनसुद्धा विमानाने न्यावं लागलं. जे घर डिझेलवर तापतं ते डिझेल विमानातून उतरलं तर त्याचं बिल काय येत असेल, विचार करा.

ध्रुव_एडमंटन

परत आलो. उत्तराताईंनी माझं काम सोपं केलं. डिझेल कमी करणं म्हणजे फक्त जगावर उपकार करणं असं मानू नका. जे गाव विजेसाठी आणि उबेसाठी बाहेरच्या टँकरवर अवलंबून आहे, ते नदीच्या एका कोरड्या उन्हाळ्यात अडचणीत येतं. छतावरचा सौर पत्रा आणि जाड भिंत हासुद्धा बचावच आहे.

इनुविकजवळच्या टेकडीवर एकच मोठी पवनचक्की उभी केली आहे, 3.5 मेगावॉटची. वर्षाला तीसेक लाख लिटर डिझेल वाचावं असा तिचा हिशेब आहे. जगाच्या उत्सर्जनात ते काहीच नाही. पण तेवढे टँकर डेम्पस्टर महामार्गाच्या खचत्या रस्त्यावरून आणावे लागणार नाहीत.

कोकणकडा

मुद्दा पोचला, पण उन्हाळ्यातला. डिसेंबरात इनुविकला सूर्य उगवतच नाही, मग सौर पत्र्याचं काय करायचं?

ध्रुव_एडमंटन

डिसेंबरात काही नाही, तुमचं बरोबर आहे. मार्च ते सप्टेंबर चालतं. हिवाळ्यासाठी वारा, लाकूड आणि मुख्य म्हणजे घरातली ऊब बाहेर न जाऊ देणं. म्हणून ऊर्जा धोरणात इमारतींची कार्यक्षमता 15 टक्क्यांनी वाढवायचं वेगळं कलम आहे. मला विचाराल तर तेच सगळ्यात दुर्लक्षित आहे.

हिरेमाणिक

मी बीकेसीत हिऱ्यांच्या व्यवसायात आहे. कॅनडाच्या उत्तरेतला कच्चा माल सुरतेला पैलू पडून येतो, हातातून गेला आहे. दायविक, एकाटी, गाचो कुए ही खाणींची नावं आमच्याकडे पाठ असतात. पण त्या खाणींपर्यंत सामान कुठल्या रस्त्याने पोचतं हे या धाग्यामुळे शोधून वाचलं.

यलोनाइफच्या पुढे गोठलेल्या तळ्यांवरून शेकडो किलोमीटरचा रस्ता दर हिवाळ्यात नव्याने बांधतात. साधारण फेब्रुवारी-मार्च, एवढाच त्याचा जीव. वर्षभराचं डिझेल, सिमेंट, यंत्रांचे सुटे भाग तेवढ्या दिवसांत पोचवायचे. 2006 साली हिवाळा उबदार गेला, रस्ता लवकर बंद पडला आणि उरलेला माल हवाई मार्गाने न्यावा लागला. त्यानंतर दायविकने 2012 मध्ये स्वतःच्या पवनचक्क्या बसवल्या. त्यात बर्फाच्या रस्त्याचा हिशेब नक्कीच असणार.

एक प्रश्न. खाणी बंद होत आल्या आहेत, त्यांचं उत्सर्जन आपोआप खाली येईल. मग 30 टक्क्यांचं लक्ष्य सरकारने गाठलं की खाणींनी?

जमाखर्च

वरचा शेवटचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. मी ऑडिट खात्यात 34 वर्षं काढली. निवृत्त झालो तरी सवय जात नाही, म्हणून त्या प्रदेशाचा 2017 चा ऑडिट अहवाल काढून वाचला. तिथे स्वतंत्र महालेखापरीक्षक नाही, कॅनडाचे महालेखापरीक्षकच या प्रदेशाच्या विधानसभेला अहवाल देतात.

त्याचा सारांश माझ्या भाषेत: हवामान बदलाचं काम पर्यावरण खात्याकडे दिलं होतं, पण त्या खात्याने नेतृत्व केलं नाही आणि करायला त्याच्या हातात अधिकारही पुरेसा नव्हता. रस्ते एका खात्याकडे, घरं दुसऱ्याकडे, पैसा तिसऱ्याकडे. पर्यावरण खातं पत्रं पाठवणार, बाकीची खाती पोच देणार. हे चित्र आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी माणसाला ओळखीचं वाटेल. त्याआधीच्या 2011 च्या धोरणात तर 2020 पर्यंत उत्सर्जन वाढायला मुभाच होती, खाणी वाढतील म्हणून.

2018 ची चौकट या अहवालानंतर लगेच आली, हे महत्त्वाचं आहे. त्यानंतरचे बदल बघा. 2021 मध्ये हवामान बदल परिषद बसली, ज्यात मूलनिवासींच्या सरकारांचे प्रतिनिधी आहेत. 2023 मध्ये पर्यावरण आणि जमीन ही दोन खाती एकत्र करून पर्यावरण व हवामान बदल असं एकच खातं केलं. निर्णयाच्या कागदात हवामानाचा विचार केला का, हे नोंदवायची पद्धत आणली.

आराखडा वाचताना मी तीनच रकाने बघतो: कोणी करायचं, कधीपर्यंत, पैसे कुठून. शंभरावर कृती लिहिल्या आहेत. 'चालू ठेवणे', 'सहकार्य करणे', 'प्रोत्साहन देणे' ही क्रियापदं आली की माझा पेन थांबतो, कारण त्यांचं ऑडिट करता येत नाही. 'अमुक गावातली अमुक इमारत अमुक सालापर्यंत उचलणे' याचं करता येतं.

रानपाखरू

जमाखर्च काकांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा.

बर्फातली_जाई

मी कॅल्गरीत राहते. ऑगस्ट 2023 मध्ये विमानतळाजवळच्या स्वागत केंद्रात चार दिवस स्वयंसेवक होते, म्हणून लिहावंसं वाटलं.

यलोनाइफ रिकामं करायचा आदेश 16 ऑगस्टला आला. वीस हजार माणसांचं गाव. आमच्याकडे विमानाने आलेले लोक होते, ज्यांच्याकडे गाडी नव्हती असे. म्हातारी माणसं, डायलिसिसवाले, तान्ही बाळं. एका आजींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या प्रदेशात अकरा अधिकृत भाषा आहेत आणि आमच्या टेबलावर त्यांच्या भाषेचं एकही माणूस नव्हतं. शेवटी दुसऱ्या रांगेतून एक नातू सापडला, त्यांचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा. त्याने तासभर त्यांचा हात धरून सगळं समजावलं. तोवर त्या मांडीवरच्या पिशवीला घट्ट धरून बसल्या होत्या. पिशवीत वाळवलेले मासे होते. घरातून तेवढंच उचललं होतं.

कुठे काय गोठतं-वितळतं ते अभियंते बघतीलच. माणसं कशी हलवायची, कुठे ठेवायची, कोणत्या भाषेत बोलायचं, हे त्या आराखड्यात आहे का, ते उत्तराताई तुम्ही विचारा.

उत्तरा_यलोनाइफ

@बर्फातली_जाई, तुमचे आभार कसे मानू? आमच्या गावातल्या किती जणांना तुम्ही पाणी दिलं असेल.

आम्ही गाडीने निघालो. बाहेर जायला रस्ता एकच. दुपारी चारला आकाश नारिंगी आणि संध्याकाळी सहाला रात्रीसारखं. मुलगा मागे बसून विचारत होता, आपण परत येणार ना, आणि मी दर वेळी 'हो' म्हणत होते. पेट्रोलसाठी फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ एवढी रांग की लोक गाडीतच झोपले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन धुमसत होती. इथली जमीन म्हणजे वर्षानुवर्षं साठलेलं शेवाळ आणि पीट, ती आतून जळते. त्या वर्षी पेटलेल्या काही आगी हिवाळाभर बर्फाखाली जिवंत राहिल्या. एडमंटनपर्यंत जवळजवळ 1,500 किलोमीटर. तीन आठवडे तिथे होतो, 6 सप्टेंबरला परतायची परवानगी मिळाली. यलोनाइफ वाचलं. एंटरप्राइज नावाचं छोटं गाव मात्र जवळजवळ सगळं जळालं.

त्या मोसमात प्रदेशातल्या दर दहापैकी सुमारे सात माणसांना घर सोडावं लागलं. 40 लाख हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. ऑक्टोबरात व्हायची निवडणूकसुद्धा नोव्हेंबरात ढकलावी लागली. सरोवराच्या दक्षिणेला 'हे रिव्हर' गाव आहे. मे 2022 मध्ये नदीतला बर्फ तुंबून पूर, मे 2023 मध्ये वणवा, ऑगस्ट 2023 मध्ये पुन्हा वणवा. पंधरा महिन्यांत तीनदा घर सोडलं त्या माणसांनी.

म्हणून मला बैठकीत बोलता आलं नाही. पहिला डॉलर म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर तो रस्ता येतो.

वऱ्हाडी_माणूस

ताई, वाचून सुन्न झालो.

मी अमरावती भागात पोकरा प्रकल्पात काम केलंय, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी. विदर्भ-मराठवाड्यातली पाचेक हजार गावं, जागतिक बँकेचं कर्ज, विषय हाच: बदलत्या हवामानात शेती कशी टिकवायची. आमचा अनुभव सांगतो. मुंबईत बसून केलेली यादी आम्ही गावात नेली की लोक मान हलवायचे आणि घरी जायचे. मग गावातच बसून पाण्याचा ताळेबंद मांडायला लागलो. पाऊस किती पडला, किती अडला, किती पिकाला लागेल, चुन्याने जमिनीवर आखून. तूट किती ते गावाने स्वतः काढलं की भांडणं व्हायची, पण काम पुढे जायचं. एका गावात तर ज्याची विहीर सगळ्यात खोल तोच म्हणाला, संत्रा नको, हरभरा घेऊ.

तुमच्याकडे 33 गावं आहेत म्हणता. तेहेतीस गावांचे तेहेतीस ताळेबंद होऊ शकतात की. कुठल्या गावाला नदी धोक्याची, कुठल्याला आग, कुठल्याला रस्ता. 45 हजार माणसं ही अडचण समजू नका, सोय समजा.

आणि जाळरेषा! मेळघाटात वनखातं उन्हाळ्याआधी पट्टे साफ करून जाळून घेतं, वणवा तिथे अडतो. तुमच्याकडे असतं का तसं काही?

उत्तरा_यलोनाइफ

'जाळरेषा', किती नेमका शब्द आहे! हो, 2023 मध्ये आग पश्चिमेकडून येत होती तेव्हा गावाबाहेर झाडं पाडून असेच पट्टे घाईघाईने काढले आणि फवारे लावले. आता दरवर्षी घराभोवतीच्या वाळक्या सुया, लाकडाचे ढीग हटवायला सांगतात. मी मुलाला घेऊन करते. तो त्याला 'गावाची भांग पाडणे' म्हणतो.

नंदिनी_के

एक गोष्ट इथे सुटतेय. त्या प्रदेशातली निम्मी माणसं मूलनिवासी आहेत: डेने, इनुवियालुइट, मेटी. बर्फ कुठे पातळ झाला, कॅरिबू हरणं कधी वाट बदलतात, हे त्यांना कुठल्याही उपग्रहाआधी कळतं. आराखड्यात त्यांचं ज्ञान 'माहिती' म्हणून घेतात की निर्णयही त्यांच्या हातात असतो?

ध्रुव_एडमंटन

@नंदिनी_के, पारंपरिक ज्ञानाचं अधिकृत धोरण त्या सरकारने 1993 मध्येच केलं. कागदावर ते फार पुढे आहेत. प्रत्यक्षात मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

टुकला (टुक्टोयाक्टुकला सगळे टुकच म्हणतात) एका रस्त्याच्या कामाआधी आम्ही बोअर मारून जमिनीतला बर्फ मोजत होतो. एक वयस्क शिकारी रोज स्नोमोबाइलवरून येऊन बघत थांबायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तुम्ही चुकीच्या बाजूला खोदताय, त्या उंचवट्याच्या पलीकडे माझ्या वडिलांचं बर्फाचं कोठार होतं. तिथे बोअर मारला आणि सहा मीटर सलग बर्फ लागला. आमच्या आखणीत रस्ता बरोबर त्याच्यावरून जात होता. आखणी बदलली. पण ते रोज आपणहून येत होते म्हणून बदलली, आम्ही त्यांना आधी विचारलं नव्हतं. आराखड्यात बदलायला हवी ती ही गोष्ट.

टुकचंच पुढचं. गावासमोर एक अरुंद बेट आहे, ते बंदराला लाटांपासून आडोसा देतं. ते दर वर्षी दोनेक मीटर झिजतंय. बेट फुटलं की समुद्र थेट गावावर. टोकावरची काही घरं 2020 मध्ये उचलून आत नेली. किनारा दगडांनी बांधायचा की गाव हळूहळू आत सरकवायचं, हे नऊशे माणसांचं गाव स्वतः ठरवतंय. तिथे पहिला डॉलर कुठे, हे यलोनाइफच्या बैठकीत ठरू नये.

हिरेमाणिक

सहा मीटर बर्फ! वाचून अंगावर काटा आला.

कोकणकडा

चार दिवस धागा वाचतोय. माझी ओळ बदलतो. 'सगळा पैसा बचावावर' यातला 'सगळा' काढला, कारण नॉर्मन वेल्सच्या विमानातून आलेल्या डिझेलला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक हट्ट कायम आहे. या लोकांच्या चुलीवर कर लावू नये. कार्बन कर होता ना तिकडे?

उत्तरा_यलोनाइफ

होता. 1 सप्टेंबर 2019 पासून प्रदेशाने स्वतःचा कार्बन कर लावला होता, लोकांना त्याबदल्यात खात्यात परतावा यायचा. घर तापवायच्या तेलावरून फार वाद झाला आणि 2025 च्या एप्रिलात देशभर ग्राहकांवरचा कर गेला तेव्हा इथलाही गेला. त्यावर माझं मत तुमच्यासारखंच आहे. ज्याला पर्याय आहे त्याच्यावर कर लावावा. मी अनुदान घेऊन लाकडाच्या गोळ्यांची शेगडी बसवली, कारण मी गावात राहते आणि गोळ्यांचा ट्रक दारापर्यंत येतो. कोलव्हिल लेकसारख्या बारमाही रस्ता नसलेल्या गावातल्या बाईने काय बसवावं?

जमाखर्च

उत्तराताई, मूळ प्रश्नाकडे येऊ या, पत्र राहून जाईल. पहिला डॉलर कुठे, याला माझं उत्तर: ज्या कामाचा फायदा दोन्ही रकान्यांत मांडता येतो तिथे. गावातली शाळा घ्या. तिचा पाया सावरला, भिंती जाड केल्या, छतावर सौर पत्रे बसवले आणि तीच इमारत आगी-पुरात आसरा म्हणून तयार ठेवली, तर डिझेलही वाचलं आणि माणसंही. आणि दर वर्षी विधानसभेत गावनिहाय तक्ता मांडा, कुठलं काम झालं, कुठलं राहिलं, का राहिलं. खाणी बंद झाल्याने घटलेलं उत्सर्जन वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर ते श्रेय उगाच कुणाच्या तरी नावावर जमा होईल.

वऱ्हाडी_माणूस

+1. आणि तो तक्ता गावाच्या भाषेत असू द्या.

उत्तरा_यलोनाइफ

मंडळी, पत्र काल रात्री लिहून पाठवलं. दीड पान झालं. चार गोष्टी मागितल्या आहेत आणि त्यातली एकही माझी एकटीची नाही.

पहिला डॉलर प्रत्येक गावातल्या एका इमारतीवर घालावा, जमाखर्च काकांनी सांगितलं तशी. कोणती इमारत ते गावाने ठरवावं. वऱ्हाडी भाऊंचा ताळेबंद मी इंग्रजीत समजावून लिहिला, चुन्याने आखण्यासकट. गाव रिकामं करायच्या योजनेत अकराही भाषांचे दुभाषे आधीच नावनिशी ठरलेले असावेत. जाई, त्या आजींबद्दल मी लिहिलं आहे, ओळख न देता. आणि कुठल्याही बांधकामाची पहिली बोअर मारण्याआधी तिथल्या ज्येष्ठांना मानधन देऊन बोलवावं. ध्रुव, 'ते रोज आपणहून येत होते' हे तुमचं वाक्य तसंच घेतलं, चालेल ना?

उत्सर्जनाबद्दल लिहिलं की लक्ष्य सोडू नका. आम्ही कमी आहोत म्हणून आमचं मोजायचं नाही, असं आमच्या मुलांना आम्ही शिकवत नाही. @कोकणकडा, या वाक्यावर तुम्ही भांडणार हे माहीत आहे, भांडा.

कोकणकडा

भांडणार, पण उद्या. आज पत्र चांगलं झालंय.

ध्रुव_एडमंटन

वाक्य घ्या, त्यांचंच आहे ते. उत्तर आलं की इथे कळवा.

सुमाकाकू

उत्तरा, सगळं वाचलं गं. दार लागलं का?

उत्तरा_यलोनाइफ

लागलं, काकू. रविवारी खाली उतरले, वायव्य कोपरा अर्धा इंच खचला होता. मुलगा वरून दार उघडझाप करत ओरडून सांगत होता, अजून थोडं, अजून थोडं. पाचव्या वळशाला कडी बसल्याचा आवाज आला.

रानपाखरू

फोटो राहिला.

उत्तरा_यलोनाइफ

उद्या टाकते. कुठल्या जॅकला किती वळसे दिले ते यंदापासून वहीत लिहून ठेवतेय, त्या पानाचाही टाकते.